एका व्यापाऱ्याची अर्धी कहाणी

माझ्या आजोळी किराणा मालाचं छोटं दुकान होतं. गल्ल्यामागच्या भिंतीवर ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी आणि तिच्याच खाली उधारीच्या वह्यांची चळत! त्या पाटीवर गिऱ्हाइकांचा विश्वास नव्हता आणि आजोबांचाही नव्हता. पुढे इतिहास वाचायला लागलो तेव्हा राजे भेटले, सरदार भेटले, संत भेटले; पण असा दुकानदार काही भेटेना. तो भेटला चारशे वर्षांपूर्वीच्या जौनपुरात. त्याचं नाव बनारसीदास.

जौनपूर हे गोमती नदीकाठचं, बनारसपासून फार लांब नसलेलं गाव. तिथल्या एका श्रीमाल जैन जवाहिऱ्याच्या घरी 1586 च्या सुमारास बनारसीदास जन्मला. वयाच्या 55 व्या वर्षी, म्हणजे 1641 साली, आग्र्यात बसून त्यानं आपलं आयुष्य 675 पद्यांत लिहून काढलं. माणसाचं पुरतं आयुष्य 110 वर्षांचं धरून त्यानं या पोथीला नाव दिलं ‘अर्धकथानक’, म्हणजे अर्धी गोष्ट. हिंदीतलं हे पहिलं आत्मचरित्र मानलं जातं. 1943 साली पंडित नाथूराम प्रेमी यांनी ते मुंबईहून छापून प्रसिद्ध केलं. ते लिहिलं गेलं तेव्हा आपल्याकडे शिवाजी महाराज अकरा वर्षांचे होते, आणि देहूत दुकानदारीतून विरक्त झालेले तुकाराम महाराज अभंग रचत होते.

या घराण्याची कथा सुरू होते ती नुकसानीपासून. बनारसीदासाचे आजोबा मूलदास नरवरला एका मोगल अधिकाऱ्याचे मोदी होते. ते वारले आणि त्या अधिकाऱ्यानं घरदार, मालमत्ता सगळं ताब्यात घेतलं. विधवा आजी लहानग्या खरगसेनला, म्हणजे बनारसीदासाच्या वडिलांना घेऊन जौनपूरला माहेरी आली. तिचे वडील जवाहिरे होते. त्यांच्या आधारानं पोर वाढलं आणि धंद्याला लागलं.

1598 मध्ये पुन्हा तोच प्रसंग. जौनपूरचा सुभेदार किलीच खान याला हवी ती मौल्यवान चीज जवाहिऱ्यांकडून मिळाली नाही. त्यानं सगळ्यांना कोंडलं, फटके मारले आणि मग सोडून दिलं. सुटल्याबरोबर जो तो बायकापोरं घेऊन गाव सोडून पळाला. खरगसेन भर पावसात शहजादपूरला पोचला. तिथे करमचंद नावाच्या वाण्यानं आपलं घर या कुटुंबाला राहायला दिलं. पोरगेला बनारसी तिथे कवड्यांची खरेदी-विक्री करू लागला. पहिल्या कमाईचे पैसे त्यानं आजीपुढे ठेवले. आजीनं सतीच्या नावानं मिठाई वाटली. घर गेलं, गाव सुटलं, तरी नातवाची पहिली कमाई गोड झालीच पाहिजे! आपल्या आज्यांहून ही आजी फार वेगळी नव्हती.

1605 च्या ऑक्टोबरात अकबर बादशहा वारला. दरबारी बखरीत या घटनेची पानंच्या पानं आहेत. जौनपूरच्या बाजारात काय झालं ते मात्र बनारसीदासाकडूनच ऐकावं. बातमी आली तेव्हा तो जिन्यावर बसला होता. ऐकून त्याला भोवळ आली, तो खाली कोसळला आणि डोकं फुटून रक्त वाहू लागलं. आईनं कापड जाळून जखमेवर लावलं. गावात दुकानांच्या फळ्या पडल्या. लोकांनी दागिने आणि उंची वस्त्रं जमिनीत पुरली, अंगावर जाडीभरडी वस्त्रं घेतली. श्रीमंत कोण आणि गरीब कोण ते ओळखू येईना. गंमत म्हणजे चोर-दरोडेखोर कुठेच दिसत नव्हते, नुसती धास्ती होती. दहा दिवसांनी आग्र्याहून पत्र आलं की सलीम जहांगीर या नावानं गादीवर बसला आहे. मग दुकानं उघडली.

हा वेडेपणा वाटतो का? मला तो अनुभवाचा शहाणपणा वाटतो. आजोबांची मालमत्ता कशी गेली आणि वडिलांना फटके कसे बसले हे ज्या घरात माहीत होतं, त्या घरातला माणूस बादशहा गेल्याचं ऐकून जिन्यावरून पडणारच. व्यापाऱ्याची तिजोरी कितीही भरलेली असली, तरी तिच्यावर सत्तेची मर्जी फिरायला वेळ लागत नव्हता.

बनारसीदास काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. तरुणपणी तो प्रेमात गुरफटला, बापाची रत्नं चोरली, शृंगाराचं एक हजार पद्यांचं काव्य लिहिलं. नंतर उपरती झाली आणि मित्रांदेखत त्यानं ती वही गोमतीत सोडून दिली. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. दोघे वाण्याचा धंदा पाहिलेले, दोघे जवळपास एकाच काळातले. हिशेबात जन्म गेलेल्या माणसांनाच कदाचित कागद पाण्यात सोडायची किंमत कळत असावी.

1610 च्या सुमारास वडिलांनी त्याला रत्नं, तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन आग्र्याला धाडलं. माल होता सुमारे दोनशे रुपयांचा. तिथे तो पुरता बुडाला. नाडीला बांधलेलं रत्न हरवलं, काही रत्नं उंदरानं पळवली, उरलेलं खाण्यात गेलं. घरातली चीजवस्तू विकून झाली. रात्री तो दहा-वीस लोकांना ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचून दाखवी. ऐकणाऱ्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडून बनारसीदास रोज उधारीवर कचोऱ्या खाई. शेवटी मनाला लागलं आणि त्यानं एकांतात सांगून टाकलं की माझ्याजवळ काही नाही, आता उधार देऊ नकोस. कचोरीवाला म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, तुला कुणी काही म्हणणार नाही. सहा-सात महिन्यांत चौदा रुपये झाले, आणि पुढे हात चालता झाल्यावर बनारसीदासानं ते फेडले.

पुढे तो खैराबादला सासुरवाडीस गेला. बायकोपुढे आधी कमाईच्या थापा मारल्या. तिनं खरं काढून घेतलं, आणि स्वतःजवळ साठवलेले वीस रुपये त्याच्या हातावर ठेवले. मग तिनं आईला सांगितलं आणि सासूनं गुपचूप दोनशे रुपये दिले. पुढे ती बायको गेली. ती गेल्याची बातमी आणि तिच्या बहिणीशी सोयरीक ठरल्याची बातमी त्याला एकदमच कळली. त्याची तीन लग्नं झाली. नऊ मुलं झाली, सात मुलगे आणि दोन मुली. एकही जगलं नाही.

पोथीच्या शेवटी बनारसीदास आपले गुण सांगतो आणि लगेच दोषही सांगतो, जमा आणि खर्च समोरासमोर मांडावा तसे. व्यापारात तो फारसा यशस्वी झालाच नाही. पण त्याच्या हिशेबातून मला एक गोष्ट उमगली. बादशहा बदलत, सुभेदार लुटत, रत्नं हरवत. तरी घर पुन्हा उभं राहत होतं, ते माहेरी आसरा शोधणाऱ्या आजीमुळे, घर देणाऱ्या करमचंदामुळे, बायकोच्या वीस रुपयांमुळे आणि त्या कचोरीवाल्यामुळे. त्याचं नाव काही पोथीत आलेलं नाही.

माझी आजी डाळीच्या डब्यात पैसे लपवून ठेवी. एका दिवाळीला दुकानात माल भरायला पैसे नव्हते, तेव्हा ते बाहेर निघाले. आजोबांच्या कुठल्याच वहीत ती रक्कम जमा नाही. वह्या आता वाळवीनं खाल्ल्या. अर्धी गोष्ट तरी कुणी लिहून ठेवायला हवी होती.