रामलिंगचा पूल

पंढरपूर म्हटलं की आमच्या आजीला विठोबाच्या आधी रामलिंगचा पूल आठवायचा. लातूरहून निघालेली बार्शी लाइट रेल्वे येडशीच्या पुढं बालाघाट उतरायला लागली, दरीवरच्या पुलाशी आली, की आजी डोळे गच्च मिटायची. म्हणजे पूल तिनं खरं तर पाहिलाच नव्हता! पण वर्णन असं करायची की ऐकणाऱ्यानं खाटेची कड धरून बसावं. दशम्या, धपाटे, लसणाची चटणी सगळं येडशीच्या आत संपवायचं, हा तिचा दंडक. घाटात पोटात कालवायचं तिला. आजोबा मात्र दाराशी उभे. परतताना चढाला गाडी इतकी हळू व्हायची म्हणे, की पोरं उतरून सीताफळं तोडून परत चढायची. हे मी चार घरांतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय. प्रत्येक घरात उतरणारा त्यांचाच चुलता असतो.

अडीच फुटी रुळांची ही गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची. (पुढं यानंच वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं. माणूस हौशी!) १८९७ मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीला आली, मग घाट चढून १९११ साली लातूरला. लातूरच्या गंजबाजाराला त्यामुळं बाहेरची वाट फुटली.

घाटाखाली बार्शी इंग्रजांची, वर येडशी निजामाची. आजीच्या पदराला दोन गाठी असत: एकीत निजामाचे हाली रुपये, दुसरीत इंग्रजांचे कलदार. हद्दीवरच्या शिपायानं एकदा दशम्यांचं फडकं सोडायला लावलं, तो राग तिनं शेवटपर्यंत जपला. निजामाच्या रझाकारांच्या धामधुमीत बार्शी तालुक्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कॅम्प होते. आजोबा त्या दिवसांत सारखे खाली जायचे. आत्या म्हणते, निरोप पोचवायला. काका म्हणतो, जवारीची उधारी वसुलायला. दोन्ही खरं असावं.

मी लहानपणी त्या गाडीत बसलो तेव्हा नेमकी झोप लागली. मला आठवतो तो कोळशाचा वास, आणि तोही कदाचित आजीच्या गोष्टीतलाच असेल. १९५४ साली सरकारनं रेल्वेची कंपनी विकत घेतली होती, तरी घरात सगळे गाडीला ‘कंपनीची गाडी’च म्हणत.

२००८ पर्यंत लातूर-कुर्डुवाडी मार्ग मोठ्या रुळांचा झाला. जुन्या वाटेपासून बाजूला राहिलेलं धाराशिव शहरही नव्या मार्गावर आलं. छोटी गाडी गेली म्हणून हळहळणाऱ्यांत मीही आहे. पण २०१६ च्या एप्रिलात, लातूरच्या नळांना पाणी उरलं नव्हतं तेव्हा, मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आजीच्या त्या चिमुकल्या गाडीच्यानं हे झालं नसतं.