रानपिंगळा : एक खरी नोंद आणि एक खोटी

मालेगावात मोसम नदीकाठी भुईकोट किल्ला आहे. नारोशंकरांनी अठराव्या शतकात बांधलेल्या या किल्ल्याच्या तटात आणि आसपासच्या जुन्या झाडांत पिंगळे राहतात. गावात यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालू असतो. पण दिवस मावळला की तोही भेदून त्यांचा कर्कश कलकलाट कानावर येतो. लहानपणी हा आवाज आला की आमची आजी हातातले काम थांबवून विचारी, "कोणाच्या घरावर बसलाय रे?" कोणाकडे आजारी माणूस असेल तर ती देवापुढे दिवा लावी. आम्ही मुले मात्र अंगणात जाऊन तो गोल डोळ्यांचा, मान वाकडी करून पाहणारा पक्षी शोधत असू.

याच पक्ष्याच्या नावाने महाराष्ट्रात एक लोकपरंपरा आहे. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारोदार जाणारा आणि भविष्य सांगणारा पिंगळा जोशी आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याला पिंगळ्याची भाषा कळते, असा समज आहे. म्हणजे एकाच पक्ष्याचे भय आहे आणि त्याच्या नावाने येणाऱ्याला सुपातले धान्यही आहे! घुबडांविषयीचे आपल्या समाजाचे मन असे दुभंगलेले आहे. लक्ष्मीचे वाहन म्हणून त्यांची पूजा होते आणि धनलाभासाठी त्यांचा बळीही दिला जातो.

पण आपल्या अंगणात ओरडतो तो ठिपकेवाला पिंगळा. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक पिंगळा आपल्याच मुलखाच्या रानात राहतो. तो जगातून नाहीसा झाला असावा, असे शास्त्रज्ञांना वाटू लागले होते. त्याचे नाव रानपिंगळा. तो हरवला कसा आणि सापडला कसा, ही हकीकत प्रत्येक विज्ञान शिक्षकाने वर्गात सांगावी अशी आहे.

"आपल्याच मुलखाच्या" असे म्हटले, त्याचा खुलासा करायला हवा. आज मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे. परंतु १८६९ साली नाशिक जिल्हा निर्माण होईपर्यंत मालेगाव खानदेशात होते. बोलीने, सणावारांनी आणि सोयरिकींनी ते बऱ्याच अंशी आजही खानदेशाचेच आहे. त्या जुन्या, अखंड खानदेशाची उत्तर सीमा म्हणजे सातपुडा. आपला पक्षी तिथला.

या पक्ष्याची शास्त्रीय ओळख मात्र दूरवर, आजच्या छत्तीसगडमध्ये झाली. १८७२ सालच्या डिसेंबरात एफ. आर. ब्ल्यूइट यांनी फुलझर भागात एक लहान घुबड मिळवले आणि ते अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवले. १८८५ साली राष्ट्रीय काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. राजकारणात येण्यापूर्वी ते हिंदुस्थानातील पक्ष्यांचे सर्वांत मोठे अभ्यासक होते. त्यांनी १८७३ साली या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला ब्ल्यूइट यांचे नाव दिले. पुढे १८७७ साली भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातील खरियार भागात आणखी एक पक्षी मिळाला.

यानंतर कथा खानदेशात येते. जेम्स डेव्हिडसन नावाचे एक मुलकी अधिकारी त्या काळी पश्चिम खानदेशात नेमणुकीस होते. कामानिमित्त फिरताना दिसलेला प्रत्येक पक्षी ते टिपून ठेवीत. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी १८८२ साली ह्यूम यांच्या नियतकालिकात छापून आली. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादे-तळोदे भागात त्यांना रानपिंगळ्याचे काही नमुने मिळाले. नमुना म्हणजे अर्थातच मारलेला पक्षी. दुर्बीण आणि कॅमेरा सर्रास उपलब्ध नसलेल्या काळात अभ्यासाची तीच रीत होती. कातडे सोलून त्यात कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि मिळवणाऱ्याचे नाव लिहायचे. ही चिठ्ठी म्हणजे नमुन्याचा प्राण. चिठ्ठी गेली की उरते ते फक्त पिसांचे गाठोडे.

खानदेश तेव्हा शिकारीसाठी प्रसिद्ध होता. भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम यांच्या वाघांच्या शिकारींची वर्णने चरित्रांत आणि गॅझेटियरात आली. वीतभर उंचीच्या घुबडाला असा मान कोण देणार? त्याची सारी मदार या चिठ्ठ्यांवर होती. १८८४ नंतर नवा नमुना मिळाला नाही. साऱ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे नमुने अवघे सात होते.

सातांपैकी एकाची चिठ्ठी मात्र निराळे सांगत होती. तिच्यावर ऑक्टोबर १९१४ ही तारीख होती, ठिकाण गुजरातेतील तापीकाठचे मांडवी होते आणि नाव होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांचे. हे गृहस्थ सैन्यात नावाजलेले आणि पक्षिशास्त्रात दबदबा असलेले होते. त्यांच्या शब्दावर अविश्वास कोण दाखवणार? साहजिकच रानपिंगळ्याची "शेवटची" नोंद मांडवीची ठरली आणि पुढील शोधांची दिशा त्या नोंदीने ठरू लागली. सलीम अली आणि त्यांचे सहकारी डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणकारांनी शोध घेऊनही पक्षी हाती लागला नाही. मध्यंतरी रानपिंगळा म्हणून दाखवलेली छायाचित्रे ठिपकेवाल्या पिंगळ्याची निघाली. पक्षी नामशेष झाला असावा, असे मत बळावत गेले.

१९९०च्या दशकात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या मार्गदर्शक ग्रंथासाठी जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्‌झहागेन यांचे काही नमुने बनावट असल्याचे तोपर्यंत उघड होऊ लागले होते. लंडनच्या संग्रहालयातून परवानगीविना नमुने नेल्यामुळे त्यांना १९१९ साली पक्षिविभागात येण्यास काही काळ बंदी झाली होती, हेही ठाऊक होते. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचा रानपिंगळा बारकाईने तपासला. त्याची क्ष-किरण छायाचित्रे घेतली. पक्षी एकदा उसवून पुन्हा भरलेला होता. पण मूळ कारागिराच्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या आणि त्या डेव्हिडसन यांच्या नमुन्यांशी जुळत होत्या! मालेगावचा जाणता विणकर कापडाचा पोत हाताने चाचपून ते कोणाच्या मागावरचे असेल याचा अंदाज बांधतो, तसेच हे झाले. निष्कर्ष स्पष्ट होता. डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला एक पक्षी संग्रहालयातून चोरून, नवे रूप देऊन, खोट्या चिठ्ठीसह जगापुढे ठेवला गेला होता. हे संशोधन १९९९ साली सविस्तर प्रसिद्ध झाले.

मांडवीची नोंद खोटी ठरली, की उरल्या फक्त जुन्या खऱ्या नोंदी. त्या हातात घेऊन रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट १९९७ सालच्या नोव्हेंबरात भारतात आले. प्रथम त्यांनी पूर्वेकडील जुनी ठिकाणे धुंडाळली. तिथे काही मिळाले नाही. मग ते डेव्हिडसन यांच्या खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका निष्पर्ण झाडावर चक्क उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. १८८४ नंतर ११३ वर्षांनी! त्याचे चित्रीकरण झाले, छायाचित्रे निघाली. चिठ्ठी लिहिण्यासाठी या वेळी पक्षी मारावा लागला नाही.

मी त्या वर्षी बारावीत होतो. मालेगावहून धुळ्याला जाऊन पुढची एस.टी. धरली की शहादे अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. तिथे जगभरच्या पक्षिशास्त्रात गाजलेली घटना घडली आणि मला तिची गंधवार्ताही नव्हती. मी तेव्हा डार्विनचे गालापागोस बेटांवरील पक्षी पाठ करीत होतो. विज्ञान आपल्या मुलखात घडत असते, हे मला फार उशिरा कळले.

पुढे भारतीय संशोधकांनी या पक्ष्याचा कसून अभ्यास केला. फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सातपुड्यात आणि मेळघाटात त्याची पाहणी केली. २०१४ साली तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला. रानपिंगळा सुमारे २३ सेंटिमीटर लांब असतो. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळजवळ कोरे दिसते. पंखांवरचे आणि शेपटीवरचे पट्टे रुंद असतात, पायांवर दाट पांढरी पिसे असतात. हा बराचसा दिनचर आहे. सागाच्या विरळ रानात फांदीवर बसून तो सरडे, उंदीर, कीटक पकडतो आणि जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. जुनी झाडे तुटली की त्याचे घरच जाते. नवी ठिकाणे सापडल्यामुळे २०१८ साली त्याची गणना "अतिसंकटग्रस्त" ऐवजी "संकटग्रस्त" या वर्गात होऊ लागली. पण संकट टळले आहे असा याचा अर्थ नव्हे.

या हकीकतीत मला महत्त्वाची वाटते ती चिठ्ठीची गोष्ट. एका माणसाने प्रामाणिकपणे लिहिलेले ठिकाण आणि तारीख शतकाहून अधिक काळ वाट पाहत राहिली आणि अखेर उपयोगी पडली. दुसऱ्या माणसाची एक खोटी ओळ कित्येकांना चुकीच्या रानात फिरवून गेली. दुसरा माणूस अधिक नामवंत होता, हेही लक्षात घ्यावे. नोंद खरी की खोटी, हे नोंद करणाऱ्याच्या प्रतिष्ठेवरून ठरत नाही. पुरावा पुन्हा तपासूनच ते ठरते. वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. शाळेत एक जाड वही ठेवा. तिच्यात मुलांनी पाहिलेल्या पक्षी-प्राण्यांची नोंद करा : तारीख, वेळ, नेमके ठिकाण, पाहणाऱ्याचे नाव, स्वतः पाहिले की नुसते ऐकले. खात्री नसेल तर "खात्री नाही" असेच लिहा. ती लाजेची गोष्ट नाही. पक्ष्याचे घरातले नावही लिहा. आमच्या गावात मराठी आणि उर्दू शाळा शेजारी शेजारी आहेत, घराघरात अहिराणी आहे. एका पक्ष्याला तीन नावे सहज मिळतील. त्याच्याविषयीचे समजही टिपा, हसू नका. आजीने दिवा का लावला, हीसुद्धा एक नोंदच आहे. मात्र तिच्याशेजारी त्या रात्री पिंगळा कुठे बसला होता आणि काय खात होता, हेही लिहिलेले असावे.

पिंगळ्याला भविष्य कळत नाही. पण त्याच्याविषयी आज लिहिलेली खरी ओळ शंभर वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल, हे आपल्यालाही कळत नाही. तेवढ्यासाठी तरी ती लिहून ठेवावी.