नऊ विजय आणि एक नकार

विजयाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ मिळतात. नकाराचा इतिहास लिहावयाचा म्हटलें म्हणजे मात्र लेखणी अडखळते. विजयाला आंकडे असतात, तारखा असतात; नकाराच्या मागें बहुधा कांहींच उरत नाहीं. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या फुटबॉल-संघाचा १९५१ सालचा हंगाम आम्ही येथें वाचकांपुढें मांडीत आहों तो एवढ्याचसाठीं, कीं त्यांत ह्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत.

अमेरिकेंतील फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातीं घेऊन, समोरच्या अकरा गड्यांची फळी फोडीत शंभर वारांचें मैदान पादाक्रांत करण्याचा तो झुंजार खेळ आहे. हंगामाच्या अखेरीस, नववर्षाच्या सुमारास, निवडक कॉलेजांना ‘बाउल’ नांवाच्या सामन्यांचें निमंत्रण येतें. त्या काळीं अशीं निमंत्रणें थोडीं असत, आणि त्यांबरोबर येणारी रक्कम लहानशा कॉलेजाला संजीवनीसारखी वाटे.

सॅन फ्रान्सिस्कोचें हें जेसुइटांचें विद्यापीठ असेंच लहान होतें, आणि फुटबॉलचा खर्च त्यास झेपेनासा झाला होता. परंतु जो कुहॅरिच ह्या शिक्षकाच्या हाताखालीं तयार झालेला संघ मात्र असामान्य होता. जिनो मार्चेटी हा युरोपांतील महायुद्ध लढून आलेला गडी. बॉब सेंट क्लेअर हा धिप्पाड. आणि ऑली मॅटसन व बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय तरुण. संघानें नऊ सामने खेळून नऊहि जिंकले. न्यूयॉर्क येथें फोर्डॅमशीं झालेला सामना ३२-२६ असा निसटता जिंकला. त्यांत मॅटसननें सामन्याच्या ओघांत दोनदां प्रतिपक्षाचा आरंभीचा चेंडू झेलून थेट शेवटच्या रेषेपर्यंत नेला. पॅसिफिक कॉलेजास ४७-१४ आणि शेवटीं लोयोलास २०-२ असें त्यांनीं नमविलें. त्या हंगामांत मॅटसन १,५६६ वार धांवला. साऱ्या देशांत त्याचा पहिला क्रमांक होता.

आतां निमंत्रणाची वाट पाहणें एवढेंच उरलें होतें. परंतु बाउलचे बहुतेक मोठे सामने दक्षिणेकडील शहरांत होत, आणि तेथें वर्णभेदाचें राज्य होतें. मॅटसन व टोलर ह्यांना घरीं ठेवून या, म्हणजे निमंत्रण मिळेल, असा निरोप संघाच्या कानीं आला. खेळाडूंनीं पुढें जन्मभर सांगितलें कीं, ह्यावर मतें घेण्याचीहि गरज पडली नाहीं. जावयाचें तर सर्वांनीं, नाहीं तर कोणींच नाहीं.

ह्या संघानें दुबळ्यांवरच विजय मिळविले, असें एक कारण उघडपणें सांगितलें गेलें. ह्यांत अगदींच तथ्य नव्हतें असें नाहीं. नऊ सामन्यांपैकीं दोन लष्करी छावण्यांच्या संघांशीं होते, आणि कॅलिफोर्निया व स्टॅनफर्ड हीं शेजारचीं बडीं विद्यापीठें यादींत नव्हतीं. परंतु ज्या पॅसिफिक कॉलेजाचा त्यांनीं ४७-१४ असा धुव्वा उडविला, त्याला टेक्ससमधील ‘सन बाउल’चें निमंत्रण मिळालें, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे ह्या युक्तिवादांतील जोर ओसरतो. त्या पॅसिफिक संघांतहि एक कृष्णवर्णीय खेळाडू होता. दार उघडावयाचें मनांत असेल तर तें उघडतां येत होतें, एवढें ह्यावरून दिसतें.

नकाराची किंमत तत्काळ द्यावी लागली. वर्ष संपतां संपतां विद्यापीठानें फुटबॉलच बंद केला. पुढल्या वर्षीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें, जेथें आपल्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें तेथेंच, मॅटसननें ४०० मीटरच्या शर्यतींत कांस्य आणि सांघिक शर्यतींत रौप्य पदक पटकावलें. टोलरचा गुडघा १९५२ सालीं जायबंदी झाला आणि खेळाडू म्हणून त्याची उमेद तेथेंच संपली. परंतु १९६५ सालीं व्यावसायिक फुटबॉलमधील पहिला कृष्णवर्णीय पंच होण्याचा मान त्याला मिळाला, आणि सॅन फ्रान्सिस्कोंत शाळेचा मुख्याध्यापक म्हणूनहि त्यानें काम केलें. हयात असलेल्या खेळाडूंना विद्यापीठानें २००६ सालीं सन्माननीय पदवी दिली. पंचावन्न वर्षांनीं!

ह्या कथेंत मॅटसन व टोलर ह्यांच्यापुढें निवड अशी नव्हतीच. त्यांच्याकरितां ती दुसऱ्यांनीं करून ठेविली होती. निवड होती ती बाकीच्यांपुढें. पंक्तिभेद म्हणजे काय हें आपल्या समाजास शिकविण्याची गरज नाहीं. पंक्तींतून उठविल्या गेलेल्यांचें दुःख आपण ऐकतों, त्यावर हळहळतोंहि. परंतु ज्यांचें पान मांडलेलें आहे, अशांपैकीं किती जण तें सोडून उठतात? सॅन फ्रान्सिस्कोचे ते तरुण उठले, आणि उपाशी राहिले. त्यांच्या नऊ विजयांची नोंद कोणत्याहि क्रीडाकोशांत सांपडेल. ह्या दहाव्या गोष्टीला तेथें रकाना नसतो, म्हणून ती येथें नमूद करून ठेवणें आम्हांस अवश्य वाटलें.