जर्मनीतील हौशी मासेमारी
जर्मनीतील नद्या व तलावांत गळाने हौशी मासेमारी करण्यासाठी राज्याचा परवाना लागतो. त्यासाठी बहुतेक राज्यांत परीक्षा असून तेथे स्थायिक झालेल्या परदेशी नागरिकांनाही ती सहसा द्यावी लागते. याखेरीज त्या पाण्यावर मासेमारीचा हक्क असलेल्याचे अनुमतिपत्र आवश्यक असते. मेक्लेनबुर्ग-फोरपोमेर्न राज्यात मात्र परीक्षेविना २८ दिवसांचा पर्यटक परवाना मिळतो.

परदेशी हौशी मासेमारांना परीक्षेहून अनोळखी वाटतो तो पकडलेल्या माशाविषयीचा नियम. कार्पसारखा मासा पकडून, तोलून पुन्हा पाण्यात सोडणे ही इंग्लंडमधील सर्रास रीत. जर्मनीत केवळ त्याच हेतूने गळ टाकणे प्राणिसंरक्षण कायद्याविरुद्ध मानले जाते. पृष्ठवंशी प्राण्याला सबळ कारणाविना मारल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. खाण्यासाठी मासा पकडणे हे असे कारण समजले जाते. ठरावीक लांबीपेक्षा लहान किंवा बंदीच्या काळात गळाला लागलेला मासा मात्र सोडावाच लागतो.