पंचवीस वर्षांची वॉरंटी आली कुठून?

छतावर सोलर बसवायचं ठरलं की व्हेंडरचं कोटेशन येतं, आणि त्यात एक ओळ हमखास असते: पॅनेलला २५ वर्षं वॉरंटी. फ्रिजला इतकी मिळत नाही, गाडीला मिळत नाही, ज्या छतावर पॅनेल चढणार त्या छतालाही बिल्डर इतकी देत नाही. मग हा आकडा कुणी आणि कशाच्या जोरावर दिला? आजचा एपिसोड त्यावरच आहे.

सुरुवातीचा भाग पटकन सांगतो. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जनी सिलिकॉनचा सोलर सेल जगाला दाखवला. १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह असेच सेल घेऊन वर गेला आणि त्यांच्यावर चालणारा ट्रान्समीटर १९६४ पर्यंत बोलत राहिला. पण अवकाशात पाऊस नाही, दमट हवा नाही, गारा नाहीत, कबुतरंही नाहीत. खरी परीक्षा जमिनीवर होती.

ती परीक्षा घेतली नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीनं, म्हणजे जेपीएलनं. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकी सरकारला स्वस्त सोलर हवं होतं. १९७५ पासून जेपीएलनं कंपन्यांकडून पॅनेल घाऊक विकत घ्यायला सुरुवात केली. आणलेलं पॅनेल तापवायचं, गारठवायचं, दमट हवेत कोंडायचं, त्यावर बर्फाचे गोळे मारायचे, उघड्यावरही लावून बघायचं. जे बिघडेल त्यावरून पुढच्या खरेदीची अट आणखी कडक. अशा पाच फेऱ्या झाल्या. मला विचाराल तर सोलरच्या इतिहासातले खरे हिरो हे पॅनेल फोडून बघणारे लोक आहेत, पण त्यांची नावं कुणाला माहीत नसतात.

त्याच कामाच्या पायावर पुढे १९९३ मध्ये आयईसी ६१२१५ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. तुमच्या पॅनेलच्या डेटाशीटवर हा नंबर छापलेला असतो, बघा. त्यातली एक चाचणी अशी: ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, सलग १,००० तास. ऐकायला भयंकर वाटतं, पण १,००० तास म्हणजे साधारण ४२ दिवस. कच्चं पॅनेल या चाचण्यांत पकडलं जातं. पास झालेलं पॅनेल किती वर्षं जगेल, हे मात्र त्या सांगत नाहीत.

मग २५ कुठून आले? सोलरेक्स ही जुनी अमेरिकी कंपनी घ्या, जी पुढे बीपी सोलरमध्ये गेली. तिची वॉरंटी १९८७ पूर्वी ५ वर्षांची होती. मग ती १० झाली, १९९३ मध्ये २०, १९९९ मध्ये २५. पॅनेल सुधारत होतं आणि परत येणारा माल कमी होता, हे खरं. पण १९९९ मध्ये २५ वर्षं छतावर काढलेली त्यांची पॅनेल असलीच तर अगदी थोडी असणार, कारण कंपनीच १९७३ ची! म्हणजे ही वॉरंटी अनुभवाचा दाखला नव्हती. अभ्यास करून लावलेली पैज होती, आणि त्यात बाजारातली चढाओढही होती.

ही पैज जिंकता येते का? स्वित्झर्लंडमध्ये लुगानोजवळ १९८२ च्या मे महिन्यात २८८ पॅनेलचा एक छोटा प्रकल्प ग्रिडला जोडला गेला, युरोपातला पहिला. पॅनेल होती कॅलिफोर्नियाच्या आर्को सोलर कंपनीची. ३५ वर्षांनी मोजलं तेव्हा सुमारे ६० टक्के पॅनेल मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांहून जास्त वीज देत होती. काही मात्र बरीच मागे पडली होती. दिसायला सगळी सारखीच, फरक होता सेलला काचेशी चिकटवणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या थरात. तो थर वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आला होता. त्याच आर्कोनं कॅलिफोर्नियात कॅरिझो प्लेन इथे मोठा प्रकल्प उभारला, तिथे आरसे लावून जास्तीचं ऊन पॅनेलवर पाडलं. थर तपकिरी पडला, वीज घसरली आणि १९९० च्या दशकात प्रकल्प मोडीत निघाला.

आता त्या आर्को सोलरचं काय झालं ते ऐका. १९९० मध्ये ती सीमेन्सकडे गेली, पुढे शेलकडे, २००६ मध्ये सोलरवर्ल्डकडे. आणि २०१७ मध्ये, म्हणजे लुगानोची पॅनेल पस्तिशीला पोचली त्याच वर्षी, सोलरवर्ल्डनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पॅनेल चालूच, दुकानाची पाटी मात्र चौथ्यांदा उतरली. चीनच्या सनटेकची गोष्ट याहून वेगवान. एके काळी जगातली सर्वांत मोठी पॅनेल कंपनी, पण २०१३ मध्ये तिची मुख्य उपकंपनी दिवाळखोरीत गेली. आपल्याकडे टाटा बीपी सोलर १९८९ ची. २०११ च्या अखेरीस बीपीनं सोलरच्या धंद्यातून अंग काढून घेतलं, तेव्हा मागे टाटा होते म्हणून कंपनी टाटा पॉवर सोलर या नावानं टिकली.

इन्व्हर्टरची गोष्टच वेगळी. त्याला वॉरंटी बहुधा ५ ते १० वर्षं, कारण आतले कपॅसिटर उष्णतेनं म्हातारे होतात. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर तो टांगला तर आणखी लवकर. लुगानोतही पॅनेल तीच राहिली, इन्व्हर्टर मात्र बदलावे लागले.

म्हणून कोटेशन हातात आलं की तो २५ चा आकडा नीट वाचा. बहुतेक वेळा तो 'परफॉर्मन्स' वॉरंटीचा असतो, म्हणजे शेवटी ८० टक्क्यांच्या आसपास वीज मिळेल इतकंच. काच तडकली, जोड सुटला, तर 'प्रॉडक्ट' वॉरंटी लागते आणि ती बऱ्याचदा १०-१२ वर्षांची असते. कार्डावर सही कुणाची आहे, व्हेंडरची की उत्पादकाची? पॅनेल उतरवायचा आणि पाठवायचा खर्च कुणाचा? सीरियल नंबर बिलावर लिहून घेतलेत का? हे पैसे देण्याआधी विचारा. पुढच्या एपिसोडमध्ये बॅटरीकडे वळू.