झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील दोन भाषा : चामोर्शी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा आरंभ १८४३ साली सांगलीस झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'पासून करण्याचा प्रघात आहे. तेथून तो इतिहास १८८० सालच्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पर्यंत येतो आणि पुढे पुणे-मुंबईच्या नाटकमंडळ्यांच्या उदयास्ताची हकीकत सांगत राहतो. या इतिहासात वैनगंगेच्या खोऱ्याला क्वचितच स्थान मिळते. परंतु भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या ज्या भागास लोक 'झाडीपट्टी' म्हणतात, तेथे दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटके होतात, तिकीट काढून पाहिली जातात, आणि शेकडो कुटुंबांची उपजीविका त्यांवर चालते. महानगरांतील नाट्यगृहे प्रेक्षकांअभावी रिकामी पडल्याच्या तक्रारी होत असतानाही हा व्यवहार चालूच राहिला, ही गोष्ट अभ्यासकाने दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

या रंगभूमीविषयी जे लेखन झाले आहे, त्यात तिच्या लोकप्रियतेचे व अर्थकारणाचे वर्णन अधिक आढळते. प्रस्तुत लेखात तिच्या भाषेचा विचार करावयाचा आहे. या रंगमंचावर कोणत्या काळी कोणती भाषा बोलली गेली, आणि कोणत्या पात्राच्या तोंडी कोणती भाषा घातली गेली, हा प्रश्न वरवर तपशिलाचा वाटला, तरी त्यातच या रंगभूमीचा खरा इतिहास साठविलेला आहे, असे आमचे मत आहे.

१. प्रदेश आणि बोली

'झाडी' हे प्रदेशनाम जुने आहे; महानुभाव वाङ्मयात ते आढळते. दाट अरण्य, धानाची शेती आणि गावोगावचे तलाव ही या प्रदेशाची लक्षणे होत. चामोर्शी हा गडचिरोली जिल्ह्यातील तालुका वैनगंगेच्या काठी वसलेला आहे. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. मार्कंडा येथील प्रसिद्ध मंदिरसमूह याच तालुक्यात असून महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. भाषेच्या दृष्टीने हा परिसर सीमेवरचा आहे. दक्षिणेस सिरोंच्याकडे जावे तसतसे तेलुगूचे प्रमाण वाढते; पूर्वेच्या अरण्यात गोंडी व माडिया बोलल्या जातात; पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींमुळे बंगालीही येथे नांदते आहे. या सर्वांना जोडणारी बाजाराची व शेतीची भाषा मराठी, आणि तीही पुण्याची नव्हे, तर झाडीची.

ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीविषयक ७ व्या खंडात (१९०५) पूर्व विदर्भातील मराठीचा विचार मुख्यतः नागपुरी या नावाखाली झाला. झाडीबोलीस स्वतंत्र ओळख मिळवून देण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या अभ्यासाकडे जाते. या बोलीत मूर्धन्य 'ण' नाही. 'पाणी'चे 'पानी' होते. 'ळ'च्या जागी 'र' येतो. 'डोळा' हा 'डोरा' होतो. वऱ्हाडीत याच शब्दाचा 'डोया' होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन बोलींमधील अंतर लक्षात येईल. 'श' व 'ष' यांच्या जागी 'स' उच्चारला जातो. 'शेत' हे 'सेत' होते. हे फरक ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने साधेच आहेत. परंतु रंगमंचावर उभा असलेला नट पहिले वाक्य बोलताच, तो कोठला, शिकलेला की न शिकलेला, हसविण्यासाठी आला की रडविण्यासाठी, हे प्रेक्षक याच दोन-चार ध्वनींवरून ओळखतो.

२. दंडार आणि खडीगंमत

पडद्याचे नाटक येण्यापूर्वी या प्रदेशात लोकनाट्याचे जे प्रकार रूढ होते, त्यांत दंडार व खडीगंमत हे प्रमुख होत. दंडारीचे खडी, बैठी व परसंगी असे भेद सांगतात. ही नावेच बोलकी आहेत. 'खडी' म्हणजे उभ्याने करावयाची, 'बैठी' म्हणजे बसून करावयाची. 'परसंगी' हा शब्द 'प्रसंग' या संस्कृत शब्दापासून आला असून जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घेण्याची लोकबोलीची प्रवृत्ती त्यात दिसते. कथेतील प्रसंग उभा करावयाचा, म्हणून ती परसंगी दंडार. नृत्य, गायन आणि कथा यांपैकी कथेचे अंग ज्या टप्प्यावर बळावले, तो टप्पा या एका शब्दात नोंदला गेला आहे.

खडीगंमत ही तमाशाशी नाते सांगणारी. शाहीर, ढोलकी, सवाल-जबाब, आणि स्त्रीवेष घेतलेला पुरुष नाच्या ही तिची सामग्री. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत खडीगंमत पाहण्याचा रिवाज आहे.

भाषेच्या दृष्टीने या प्रकारांचे एक वैशिष्ट्य नमूद केले पाहिजे. गीतांची भाषा परंपरेने आलेली असे, पण गद्य संवाद बहुतांशी उत्स्फूर्त असत. त्यामुळे राजा असो की त्याचा चाकर असो, देव असो की दैत्य असो, गद्य बोलू लागला की तो गावाचीच भाषा बोले. पात्रांची उच्चनीचता वेषावरून व वागण्यावरून कळे, उच्चारावरून नव्हे. बोलीला अजून पायरी लागलेली नव्हती.

३. छापील नाटकाचे आगमन

संगीत नाटकाच्या लोकप्रियतेची लाट विदर्भाच्या पूर्वभागापर्यंत पोहोचली, तेव्हा गावातील हौशी मंडळींनी छापील संहिता हाती घेतल्या. देवलांच्या 'शारदे'सारखी (१८९९) किंवा गडकऱ्यांच्या 'एकच प्याल्या'सारखी (१९१९) नाटके शहरांत गाजली आणि त्यांच्या मागोमाग नाट्यपदांची गोडी व पडद्यांची हौस खेड्यांत आली. शेतकरी, गुरुजी, सुतार, दुकानदार अशी गावचीच माणसे दिवसाचे काम आटोपून तालमीस बसत. स्त्रीभूमिका पुरुष करीत.

या घटनेचा भाषिक परिणाम फार मोठा होता. ज्याच्या तोंडी 'ण' आणि 'ळ' हे ध्वनी स्वभावतः नव्हते, त्याला गडकऱ्यांचे अलंकारप्रचुर स्वगत पाठ करावे लागले. खेड्यात शाळा असली तरी ती थोड्यांची होती. नाटक सर्वांचे होते. प्रमाण मराठीचा कानाला होणारा पहिला दीर्घ परिचय अनेकांना रंगमंचावरून झाला असला पाहिजे, हे उघड आहे. तोही कोरडा परिचय नव्हता. रागाच्या, करुणेच्या, प्रेमाच्या ऐन क्षणी ती भाषा कानावर पडत होती. आकाशवाणी व चित्रपट यांनी पुढे जे कार्य केले, त्याचा काही भाग या हौशी नटांनी त्यापूर्वीच उरकलेला होता.

परंतु या लाभासोबत एक मूल्यही आले. जे उदात्त, जे गंभीर, ते पुस्तकी भाषेत बोलावयाचे असते, हा संस्कार प्रेक्षकाच्या मनावर झाला. ज्या भाषेत त्याची आई रडत असे, ती भाषा रडण्याच्या प्रवेशातून हळूहळू बाहेर पडली.

४. वडसा आणि व्यावसायिक रंगभूमी

मध्यप्रांतातील मालगुजारी १९५१ साली संपली. गावच्या उत्सवाचा भार त्यानंतर गावकऱ्यांच्या मंडळांवर अधिकाधिक येत गेला. याच मंडळांच्या आधारावर पुढे व्यावसायिक रंगभूमी उभी राहिली. तिचे केंद्र देसाईगंज म्हणजेच वडसा हे होय. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील हे स्थानक चारही जिल्ह्यांस सोयीचे पडते. नाट्यसंस्थांच्या कचेऱ्या येथेच आहेत. हंगामापूर्वी गावोगावची मंडळे येथे येऊन नाटक ठरवितात.

व्यवहाराची रीत अशी : गावातील मंडळ नाट्यसंस्थेस ठराविक रक्कम देऊन प्रयोग घेते, मंडप उभारते, तिकिटे विकते, नफा-तोटा मंडळाचा. नटास प्रत्येक रात्रीची 'नाईट' मिळते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. धान कापून झालेले असते, शेते मोकळी असतात, हाती चार पैसे असतात. मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हे निमित्त. लेकी-जावई, सोयरे-धायरे गावी येतात आणि रात्री सर्वांनी मिळून नाटक पाहावयाचे, हा पाहुणचाराचाच भाग मानला जातो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांस पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. मधल्या काळात पट बंद राहिले, पण नाटके थांबली नाहीत. निमित्त गेले तरी कार्य उरले, यावरून नाटक हे आता शर्यतीचे उपांग राहिलेले नाही, हे सिद्ध होते. त्यास खरा खंड पडला तो २०२० सालच्या महामारीमुळे.

व्यावसायिक संस्थांबरोबर स्थानिक नाटककार पुढे आले. शहरातील संहितेची गरज उरली नाही. कौटुंबिक कलह, हुंडा, व्यसन, कर्जबाजारीपणा हे विषय आले. नवरगावचे सदानंद बोरकर यांनी 'आत्महत्या' या नाटकात शेतकऱ्याच्या मरणाचा प्रश्न रंगमंचावर आणला. विषयाच्या बाबतीत ही रंगभूमी स्वयंपूर्ण झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. सर्वसाधारणपणे नायक, नायिका, वडील माणसे व खलपुरुष प्रमाण मराठी बोलतात. झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. गावात जन्मलेला, गावातच वाढलेला नायक शुद्ध पुस्तकी मराठी बोलतो आणि त्याच घरातील गडी झाडीत बोलतो. यात प्रेक्षकास काहीही खटकत नाही. संकेत इतका रुजलेला आहे.

५. संकेताचा अर्थ

हा संकेत नवीन नव्हे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, विदूषक प्राकृत बोलतो. तो जातीने ब्राह्मण असूनही प्राकृत बोलतो. कोणत्या पात्राने कोणती भाषा वापरावी याचे विधान नाट्यशास्त्राने केलेच आहे. तेव्हा झाडीपट्टीच्या नाटककारांनी बोलीचा अपमान केला, असा आरोप करणे उचित होणार नाही. भाषांची उतरंड समाजात असते. रंगमंच ती दाखवितो.

शिवाय विनोदी भूमिकेमुळेच बोली टिकली, ही दुसरी बाजूही विसरता कामा नये. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे हे शेतकरी-कलावंत आपल्या विनोदी भूमिकांसाठी या सर्व प्रदेशात ओळखले जातात. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्या नटाच्या तोंडून झाडीबोली हजारो प्रेक्षकांसमोर, ध्वनिक्षेपकावरून, निःसंकोचपणे बोलली गेली. ज्या मुलास शाळेत 'पानी' म्हटल्याबद्दल दुरुस्त केले जाते, त्याने रात्री तोच शब्द रंगमंचावर ऐकावा आणि सारा मंडप त्यावर खूश झालेला पाहावा, याचे मोल लहान नाही. नायकाची भाषा लेखक लिहितो; विनोदी नट मात्र आपली वाक्ये बरीचशी स्वतःच रचतो. दंडारीतील उत्स्फूर्त गद्य आज जिवंत आहे ते या एकाच ठिकाणी. या दृष्टीने पाहता विनोदी नट हाच दंडारीचा खरा वारस ठरतो.

तथापि एक धोका शिल्लक राहतोच. जी भाषा केवळ हसण्यासाठी वापरली जाते, ती बोलणाराही कालांतराने हास्यास्पद ठरतो. चामोर्शीसारख्या बहुभाषिक परिसरात हा प्रश्न अधिक नाजूक होतो. गोंडी किंवा बंगाली घरातून आलेल्या प्रेक्षकास मराठीची दोन्ही रूपे शिकावयाची असतात : एक बाजारातून, दुसरे शाळेतून. त्यांपैकी एक प्रतिष्ठेचे आणि दुसरे थट्टेचे, ही खूणगाठ तो रंगमंचावरूनच बांधून घेतो.

याउलट गोमंतकाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथे मंदिरांच्या उत्सवांत गावकऱ्यांनी मराठी संगीत नाटके करण्याची परंपरा जोपासली. परंतु १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या तियात्राने कोंकणी हीच रंगमंचाची पूर्ण भाषा केली. तियात्रात कोंकणी हसते तशी रडतेही आणि राज्यकर्त्यांस जाबही विचारते. लोकभाषेला तेथे एखादे पात्र नव्हे, तर संपूर्ण नाटक मिळाले.

६. उपसंहार

येथवरच्या विवेचनावरून तीन अवस्था स्पष्ट होतात. दंडारीच्या अवस्थेत बोली सर्व पात्रांची होती. छापील नाटकाच्या अवस्थेत ती रंगमंचावरून मागे हटली. व्यावसायिक नाटकाच्या अवस्थेत ती परत आली, परंतु एका दारानेच, विनोदाच्या दाराने. चौथी अवस्था अद्याप यावयाची आहे. झाडीबोलीत कविता व कथा लिहिल्या जात आहेत, बोलीची साहित्यसंमेलने भरत आहेत. म्हणजे बोलीच्या सामर्थ्याविषयी लेखकांस शंका उरलेली नाही. आता कर्जाने पिचलेला शेतकरी रंगमंचावर आपले शेवटचे बोलणे बोलेल, तेव्हा ते 'शेत' या उच्चाराने बोलेल की 'सेत' या, एवढाच प्रश्न आहे.

अभ्यासकांचे काम त्याआधीचे आहे. नाटकांच्या हस्तलिखित वह्या, प्रॉम्प्टरच्या प्रती आणि जुन्या दंडारींची गीते जेथे असतील तेथून मिळवून जतन केली पाहिजेत; आणि विनोदी नटांची जी वाक्ये कोणत्याच वहीत नसतात, ती प्रत्यक्ष प्रयोगांतून ध्वनिमुद्रित केली पाहिजेत. ती वाक्ये बोलणारी पिढी वृद्ध होत चालली आहे. लिहिलेले नाटक पुन्हा छापता येईल. न लिहिलेले पुन्हा ऐकावयास मिळणार नाही.