उघडी वही आणि झाकलेली खूण

एका यंत्रावर जोवर एकच मनुष्य काम करीत होता, तोवर त्या मनुष्याचे नाव यंत्रास ठाऊक असण्याचे काही प्रयोजन नव्हते. परंतु १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनी एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणारी सीटीएसएस नावाची व्यवस्था चालवून दाखविली, आणि तेव्हापासून कोणाच्या फायली कोणत्या व कोणाच्या वाट्यास किती वेळ याचा हिशेब ठेवण्यासाठी इसमवार नोंदीची वही अपरिहार्य झाली. त्या वहीत नावापुढे परवलीचा शब्द असे, आणि तो उघड अक्षरांत असे. पुढील चाळीस वर्षांचा वृत्तान्त वरवर पाहता अनेक यंत्रांच्या वह्या एका मध्यवर्ती दफ्तरात गोळा करण्याचा आहे. माझ्या मते मात्र तो सर्वांनी वाचावयाची नोंद आणि कोणीही वाचू नये अशी खूण या दोन गोष्टी परस्परांपासून विलग करण्याच्या खटाटोपाचा आहे, आणि त्या खटाटोपास लागलेला काळ विषयाच्या मानाने फारच दीर्घ आहे.

पहिला धडा तत्काळ मिळाला होता. १९६२ साली अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्यास वाट्याचा वेळ पुरेना, तेव्हा त्याने परवलीच्या शब्दांची संपूर्ण फाइल छापून मिळावी अशी मागणी एका छिद्रपत्रावर टोचून रीतसर दाखल केली, आणि यंत्राने ती बिनतक्रार छापून दिली. त्याच व्यवस्थेत पुढे एकदा दोन व्यवस्थापक एकाच वेळी कामास बसले असता, एक परवलीची वही दुरुस्त करीत होता आणि दुसरा प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास दिसणारी दैनिक सूचना लिहीत होता. आज्ञावलीतील दोषामुळे दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली, आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढे सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द उमटू लागले.

बेल लॅबोरेटरीजमध्ये जन्मास आलेल्या युनिक्स प्रणालीने ही वही एका साध्या फायलीत ठेवली. प्रत्येक खातेदारास एक ओळ, आणि ओळीत अपूर्णविरामांनी तोडलेले सात रकाने: नाव, परवलीच्या शब्दाची खूण, खातेदाराचा क्रमांक, गटाचा क्रमांक, शेरा, त्याच्या फायलींचे मूळ ठिकाण, आणि प्रवेश होताच सुरू करावयाच्या आज्ञावलीचे नाव. पाचव्या, शेऱ्याच्या, रकान्यास ‘गेकोस’ म्हणतात. तेथील मंडळी छपाईची वगैरे कामे जनरल इलेक्ट्रिकची प्रणाली चालविणाऱ्या दुसऱ्या एका यंत्राकडे पाठवीत, त्या यंत्रास लागणारी ओळख लिहिण्यासाठी तो काढला होता. ते यंत्र केव्हाच मोडीत निघाले, रकाना मात्र नावासकट टिकून आहे. वही सर्वांना वाचण्यास मोकळी ठेवणे भाग होते, कारण फायलीवर मालकाचा केवळ क्रमांक असे, आणि त्या क्रमांकाचे नाव सांगावयाचे तर प्रत्येक लहानमोठ्या आज्ञावलीस वही उघडून पाहावी लागे. तेव्हा निर्मात्यांनी वही झाकण्याऐवजी दुसरा रकाना दुर्बोध केला. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली या योजनेची हकीकत प्रसिद्ध केली. परवलीच्या शब्दावरून पंचवीस वेळा कूटप्रक्रिया करून जी खूण निघे तीच तेवढी वहीत राही, आणि तीत प्रत्येकासाठी ४,०९६ पर्यायांतून निवडलेले ‘मीठ’ मिसळलेले असे, म्हणजे दोघांनी एकच शब्द निवडला तरी खुणा बहुधा भिन्न पडत. त्याच लेखात त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ परवलीच्या शब्दांचीही परीक्षा दिली आहे: त्यांपैकी २,८३१, म्हणजे शेकडा ८६, इतके आखूड किंवा शब्दकोशात सापडण्याजोगे होते की यंत्राने ते हुडकून काढले. दुर्बोध खूण सर्वांच्या हाती ठेवणे कितपत सुरक्षित, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यातच होते. तथापि ती खूण निराळ्या, केवळ व्यवस्थापकास वाचता येणाऱ्या फायलीत हलविण्याची रीत युनिक्सच्या बहुतेक घराण्यांत पडावयास आणखी दहाएक वर्षे जावी लागली.

दरम्यान यंत्रे स्वस्त झाली, एका खोलीतले एक यंत्र जाऊन खोलीगणिक यंत्रे आली व ती तारांनी जोडली गेली, आणि गावोगावच्या कुलकर्ण्यांनी आपापल्या रुमालात निराळेच दाखले बाळगावेत व हुजूर दफ्तरात त्यांचा मेळ बसू नये, तशी अवस्था उत्पन्न झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यास सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने एका यंत्राच्या फायली दुसऱ्या यंत्रावरून वापरण्याची एनएफएस नावाची सोय काढली, तेव्हा हा बेमेळ केवळ गैरसोयीचा न राहता घातक ठरू लागला. एनएफएस खातेदाराचे नाव पाठवीत नसे, त्याचा क्रमांक पाठवी. आता एका यंत्रावर १०५ क्रमांकाचा खातेदार प्राध्यापक आणि शेजारच्या यंत्रावर त्याच क्रमांकाचा खातेदार विद्यार्थी असला, तर प्राध्यापकांची प्रश्नपत्रिका विद्यार्थ्याच्या मालकीची म्हणून उघडावी, आणि तीही कोणताही नियम न मोडता! म्हणून सनने त्याच सुमारास ‘यलो पेजेस’ ही सेवा दिली: एक मुख्य सर्व्हर वही राखी, दुय्यम सर्व्हर तिच्या नकला ठेवीत, आणि बाकीची यंत्रे नाव किंवा क्रमांक धाडून त्यांस विचारीत. ‘यलो पेजेस’ हे नाव ब्रिटिश टेलिकॉमचे नोंदलेले व्यापारचिन्ह असल्यामुळे पुढे ‘एनआयएस’ असे नामांतर झाले. आज्ञांच्या आरंभीची ‘वायपी’ ही अक्षरे मात्र कोणी बदलली नाहीत.

मेळ बसला, पण झाकण पुन्हा उडाले. ‘वायपीकॅट’ ही आज्ञा दिली की जाळ्यातील कोणासही समग्र वही, खुणांच्या रकान्यासह, पडद्यावर मिळे. शिवाय नव्याने सुरू होणारे यंत्र आपला सर्व्हर शोधण्यासाठी जाळ्यात पुकारा करी आणि ज्याचे उत्तर आधी येईल त्यास रुजू होई. उत्तर देणारा खरा की तोतया, हे पाहण्याची तरतूद नव्हती. तरीही एनआयएस विद्यापीठांत आणि कारखान्यांत वर्षानुवर्षे चालले, याचे कारण उघड आहे: ते एका दुपारी उभे करता येई.

खरे विलगीकरण एमआयटीतच झाले. तेथे १९८३ साली डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम यांच्या साह्याने ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला. कोणत्याही विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही यंत्रासमोर बसावे आणि आपले काम पुढे चालवावे अशी ती योजना असल्यामुळे समोरच्या यंत्रावर विश्वास टाकणेच शक्य नव्हते. तेथील मंडळींनी नोंदी ‘हेसिअड’ नावाच्या सेवेकडे दिल्या, ज्या कोणीही वाचाव्यात आणि ज्यांतल्या परवलीच्या रकान्यात काही अर्थ नसावा. आणि गुपिते ‘कर्बेरॉस’ नावाच्या निराळ्या, कुलूपबंद यंत्राकडे दिली. कर्बेरॉस परवलीचा शब्द तारेवर येऊच देत नाही. खातेदारास तो त्याच्या परवलीवरून काढलेल्या किल्लीनेच उघडेल असे उत्तर धाडतो, आणि ते ज्यास उघडता आले त्यास काही तासांच्या मुदतीचे दस्तक मिळते. पुढे छपाईयंत्राकडे जावयाचे असो वा टपालाकडे, या दस्तकावर त्या त्या सेवेचा वेगळा परवाना काढता येतो. मुदतीवरच सारी मदार असल्यामुळे यंत्रांची घड्याळे पाचएक मिनिटांहून अधिक मागेपुढे झाली की प्रवेश नाकारला जातो. नोंदी एकीकडे आणि गुपिते दुसरीकडे ठेवण्याचा हा विचारच मला तर या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुबुद्ध वाटतो.

दूरध्वनी-खात्यांच्या आंतरराष्ट्रीय समित्यांनी या सुमारास एक्स.५०० हे मानक रचले होते (१९८८). देश, देशात संस्था, संस्थेत शाखा, शाखेत व्यक्ती, असा वंशवृक्षासारखा उतरत जाणारा जगभराचा एकच कोश त्यांस अभिप्रेत होता. कल्पना भव्य, पण ती पेलण्यास जो संदेशवहनाचा डोलारा लागे तो त्या काळच्या वैयक्तिक संगणकास झेपणारा नव्हता. मिशिगन विद्यापीठातील टिम हाउझ यांनी वेंगयिक योंग आणि स्टीव्ह किल यांच्यासह तो डोलारा उतरविला, वृक्ष तेवढा ठेवला, आणि जुलै १९९३ मध्ये एलडॅप नावाच्या या सुटसुटीत पद्धतीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. जगाचा एक कोश झाला नाही तो नाहीच. संस्थोसंस्थीचे मात्र झाले, आणि एनआयएसचे रकाने या वृक्षात कसे मांडावेत हे १९९८ साली ल्यूक हॉवर्ड यांनी लिहून काढल्यावर युनिक्सची जुनी वहीही तेथे नांदू लागली. आपल्या पवईच्या आयआयटीत तर विद्यार्थी आपल्या खात्याच्या नावालाच ‘एलडॅप’ म्हणतात. हाउझ यांना हे कळते तर मौज वाटली असती.

व्यापारी जगात नॉव्हेलने १९९३ मध्ये नेटवेअरच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आपली वृक्षरूप निर्देशिका आणली, आणि ती गुणाने पुष्कळांहून सरस होती. परंतु बाजार अखेर मायक्रोसॉफ्टने जिंकला. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बरोबर निघालेल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदी वाचण्यास एलडॅप, ओळख पटविण्यास कर्बेरॉस आणि सर्व्हर शोधण्यास इंटरनेटची नामव्यवस्था असे तिन्ही प्रवाह एकत्र आले, आणि एकाच मुख्य सर्व्हरवर वही बदलता येण्याची मायक्रोसॉफ्टच्याच आधीच्या विंडोज एनटीतील डोमेन-व्यवस्थेची अडचणही संपली. मात्र एमआयटीने निराळ्या यंत्रांवर ठेवलेल्या नोंदी व गुपिते तेथे पुन्हा एका छपराखाली आली: प्रत्येक मुख्य सर्व्हरवर एकच फाइल, तीत खातेदारांची नावेही आणि त्यांच्या खुणाही, व सर्व्हर ज्याच्या हाती पडला त्याच्या हाती दोन्ही. त्यातही एनटीच्या वारशाने आलेल्या खुणेत, मॉरिस व थॉम्प्सन यांनी १९७९ साली सांगितलेले मीठ नाहीच. एकच परवलीचा शब्द निवडणाऱ्या दोन खातेदारांच्या खुणा तेथे अजूनही अक्षरशः एकसारख्या निघतात.